वल्हे हाती देण्याआधी

पुणे

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. बॉस्टनला चार्ल्स नदीवर तू शनिवारी सरकारी शाळांतल्या मुलींना वल्हवायला शिकवतेस, आणि शिक्षण संपवून परतल्यावर पुण्यात संगमाच्या आसपासच्या वस्त्यांमधील मुलामुलींसाठी असेच काही उभे करायचे तुझ्या मनात आहे, हे वाचून फार आनंद झाला. तू माझे मत विचारले आहेस. कॉलेजात असताना तुझा सराव काठावरून पाहिल्यामुळे या खेळाची थोडी ओळख मला झाली, आणि महापालिकेच्या शाळेत आयुष्य गेल्यामुळे ज्या मुलांना तू नावेत बसवू पाहतेस ती मुले आणि त्यांच्या घरची माणसे मला चांगली ठाऊक आहेत. म्हणून सविस्तर लिहिते.

माझे म्हणणे एवढेच आहे, की नाव मोफत दिली म्हणजे खेळ सर्वांना खुला झाला, असे समजू नकोस. त्या नावेपर्यंत येण्यासाठी मुलाला आणि त्याच्या घराला जे जे सोडावे लागते, त्याची भरपाई कोणीतरी करावी लागते, आणि ती वर्षानुवर्षे करावी लागते.

पुण्याला हा खेळ नवा नाही. रॉयल कॅनॉट बोट क्लब 1868 सालचा आहे, तुझ्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लबाचा रेगाटा, म्हणजे नावांच्या शर्यती-कसरतींचा सोहळा, पाहायला आजही नदीकाठी गर्दी लोटते, आणि दापोडीला सीएमई या लष्कराच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारातील आर्मी रोइंग नोड या नौकानयन केंद्रामध्ये देशाचे कितीतरी नामवंत नौकापटू घडले आहेत. मात्र यांतील कोणत्याही नावेत बसायचे, तर साधारणपणे क्लबाचे सभासदत्व तरी हवे, इंजिनिअरिंगला प्रवेश तरी हवा, नाहीतर लष्करात भरती तरी झालेली हवी. संगमाजवळच्या पाटील इस्टेट वस्तीत राहणारी तेरा वर्षांची मुलगी यांपैकी कोणत्या दाराने आत येणार? आणि नदी तर तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे.

तिला कोणी मुद्दाम अडवलेले नाही, हे खरे. इंग्लंडमध्ये मात्र मुद्दाम अडवत असत. हेन्ली रॉयल रेगाटा या तिथल्या नामवंत स्पर्धेत फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश असे, आणि तिच्या नियमांत कारागीर आणि मजूर यांना हौशी खेळाडू मानतच नसत. 1920 साली फिलाडेल्फियाच्या जॉन केली यांचा प्रवेश तिथे नाकारला गेला, तेव्हा त्यांच्या क्लबावरील जुन्या बंदीबरोबरच ते गवंडीकाम करत असत हेही कारण नोंदले गेले. त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी एकेरीचे सुवर्णपदक जिंकले. 1936 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या आठ जणांच्या चमूलाही ते पोलीस शिपाई होते म्हणून प्रवेश मिळाला नाही, आणि त्यावर बरीच टीका झाल्यावर पुढच्या वर्षी अंगमेहनतीची ती अट काढण्यात आली. स्त्रियांना तर ऑलिंपिकमधील या खेळात 1976 सालापर्यंत जागाच नव्हती, आणि ती मिळाल्यावरही 1988 पर्यंत त्यांची शर्यत पुरुषांच्या निम्म्या अंतराची, 1000 मीटरचीच ठेवली होती. लेखी नियम निदान दाखवता येतो आणि खोडता येतो. आपल्याकडचा अडसर कागदावर कुठेच नसल्यामुळे तो आधी शोधावा लागतो.

दत्तू भोकनळ यांचेच उदाहरण घे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे दुष्काळी भागातले त्यांचे गाव, आणि विहिरी खणून पोट भरणारे घर. 2012 साली ते लष्करात भरती झाले आणि त्यानंतर, म्हणजे वयाची विशी उलटल्यावर, त्यांनी पहिल्यांदा वल्हे हाती धरले. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ते एकेरी स्कल्समध्ये, म्हणजे दोन हातांत दोन वल्ही धरून एकट्याने वल्हवायच्या शर्यतीत, तेरावे आले, आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या स्कल्समध्ये त्यांनी साथीदारांसह सुवर्णपदक मिळवले. ही हकिगत सांगताना सगळे त्यांच्या जिद्दीचे कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. परंतु लष्कराने त्यांना पोटभर जेवण, राहायला जागा, दरमहा पगार, डॉक्टर आणि सरावासाठी रोजचे ठरावीक तास दिले, ही गोष्ट मला तितकीच मोलाची वाटते. घरी पैसे पोचत होते म्हणून ते नावेत निश्चिंतपणे बसू शकले. भरतीच्या दिवशी धावण्यात दोन सेकंद मागे पडलेला त्यांच्यासारखाच एखादा तरुण आज कुठे गवंड्याच्या हाताखाली असेल, तर देशाला त्याचा पत्ताही लागलेला नाही. तू जे उभारू पाहतेस ते बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी आहे, पण लष्कराने जे पुरवले त्याची लहानशी आवृत्ती तुलाही पुरवावी लागेल.

माझ्या वर्गातील एका मुलीबद्दल तुला सांगते. खो-खोत तिच्यासारखा सूर मारून गडी टिपणारे शाळेत दुसरे कोणी नव्हते. स्पर्धा जवळ आल्यावर सराव सकाळी सहाला ठेवला गेला. तिच्या वस्तीत सार्वजनिक नळाला पाणी यायचे ते पहाटे साडेपाचनंतर, आणि आई धुण्याभांड्याच्या कामाला सहाच्या आतच घराबाहेर पडलेली असायची. हंडे, कळशी आणि दाराशी ठेवलेले निळे पिंप भरून झाले की ही पोर धावत मैदानावर यायची. एका बाजूची बाही खांद्यापासून कोपरापर्यंत ओली असायची आणि सराव जवळजवळ संपलेला असायचा. काही आठवड्यांनी तिने येणे बंद केले. कुणाशी भांडली नाही, कुणाकडे तक्रार केली नाही. नौकानयनाचा सराव पहाटेच का करतात, हे तूच मला एकदा समजावले होतेस: त्या वेळी वारा पडलेला असतो, पाणी स्थिर असते, आणि ती शर्यतीची निमुळती नाव, म्हणजे शेल, एवढ्याशा लाटेनेही डुगडुगते. म्हणजे ज्या तासाला तुला नदीचे पाणी स्थिर मिळते, नेमक्या त्याच तासाला या मुलींना नळाचे पाणी भरायचे असते. म्हणून वेळापत्रक ठरवण्याआधी प्रत्येक वस्तीत पाणी किती वाजता येते ते लिहून काढ. मुलींची तुकडी संध्याकाळी ठेवावी लागली, तर थोडा वारा सोसूनही ती संध्याकाळीच ठेव.

दुसरा प्रश्न पोहण्याचा आहे, आणि तो सर्वांत अवघड आहे. पोहता आल्याशिवाय कोणालाही नावेत बसवायचे नाही, हा तुमचा नियम योग्यच आहे आणि त्यात कधीही ढील देऊ नकोस. पण नदीकाठच्या आईला नदी कशी आठवते, याचा विचार कर. जुन्या माणसांना 12 जुलै 1961 चे पानशेत आठवते. हिला खडकवासल्यातून इतके क्युसेक पाणी सोडले अशी बातमी आली, की रात्रीतून गादी, गॅस आणि मुलांची दप्तरे उचलून शाळेच्या वर्गात मुक्कामाला जाणे आठवते. एरवी त्याच नदीला सांडपाण्याचा वास येत असतो आणि उन्हाळ्यात ती जलपर्णीने झाकून जाते. या आईने आजवर मुलांना एकच गोष्ट बजावली आहे, ती म्हणजे पाण्याकडे फिरकायचे नाही. तिच्यापुढे संमतीपत्र ठेवून सही माग, ती देणार नाही, आणि तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. आधी तिलाच काठावर बोलाव, लाइफ जॅकेट तिच्या हातात दे, सोबतची मोटारबोट कशासाठी असते ते दाखव. मुलींना पोहायला शिकवणारी बाईच हवी, पूर्ण अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख चालायला हवा, आणि तो संस्थेने द्यायला हवा. तलावाचे शुल्क आणि बसचे भाडेही त्यातच धर. पहिले काही महिने नावेचे नावही न काढता फक्त पोहणे शिकवावे लागले, तरी ते महिने वाया गेले असे मानू नकोस.

शिकागोच्या पश्चिम भागातील मॅन्ली हायस्कूलबद्दल तू लिहिले आहेस. 1990 च्या दशकाच्या अखेरीस तिथे कृष्णवर्णीय मुलांचा नौकानयन संघ उभा राहिला, अमेरिकेतील अशा प्रकारचा पहिला. शाळेच्या जेवणाच्या खोलीत एक नाव आणून ठेवली होती आणि नाव नोंदवायला येणाऱ्यांना पिझ्झा दिला जात होता, हा त्यातला तपशील मला सर्वांत आवडला. शाळेत खिचडी शिजते त्या दिवशीची हजेरी मी पाहिलेली आहे. भुकेल्या मुलाला आधी खायला घालावे, ही त्याला दिलेली लाच नव्हे. वेगवेगळ्या टोळ्यांच्या मोहल्ल्यांतून आलेली ती मुले एका नावेत बसायला शिकली, आणि त्यांच्यातलेच आर्शे कूपर आज देशभर हिंडून अशा मुलांसाठी या खेळाची दारे उघडण्याचे काम करतात. नावेत बसलेला मुलगा पुढे स्वतः दार उघडणारा झाला, हे मला त्या संघाच्या कोणत्याही शर्यतीपेक्षा मोठे वाटते. तुझ्या योजनेतही सुरुवातीपासून तशी जागा ठेव. तीन-चार वर्षे टिकलेल्या मुलीला सहायक प्रशिक्षक कर, आणि तिला मानधन दे. फुकट राबवू नकोस. समितीवर वस्तीतील पालक घे, नुसते सत्कारापुरते नव्हे, खर्चाच्या वहीवर सही करण्यापुरते.

लंडन यूथ रोइंगसारख्या संस्था शाळांमध्येच अर्गोमीटर, म्हणजे जमिनीवर वल्हवण्याचा सराव करायचे यंत्र, ठेवतात, ही पद्धत आपल्याकडे उपयोगी पडेल असे मला वाटते. शेल लाखांत जाते, शिवाय पावसाळ्यात नदी चढलेली असते. अर्गोमीटर शाळेच्या व्हरांड्यातही मावतो आणि बसायला पोहता यावे लागत नाही. जोर हातापेक्षा पायांतून यायचा असतो, हे मूल तिथेच शिकून घेते. पण सगळे त्या यंत्रावरच थांबू नये, कारण मुलाला आपण नाव दाखवून बोलावलेले असते. आणि लय शिकवण्याची फार चिंता करू नकोस. गणपतीच्या आधी नदीकाठी ढोलपथकांचे सराव चालतात ते ही मुले लहानपणापासून ऐकत आली आहेत. चाळीस ढोल एका ठेक्यावर कसे पडतात आणि एकाचा टोल मागे राहिला तर सगळ्यांना तो कसा कळतो, हे त्यांना सांगावे लागत नाही. नावेतही तेच आहे. कॉक्सच्या, म्हणजे नावेला दिशा देत वल्हवणाऱ्यांना हुकूम सोडणाऱ्याच्या, जागी मात्र आळीपाळीने प्रत्येकाला बसव, विशेषतः वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलींना.

वयाचाही एक पेच आहे. महापालिकेच्या बऱ्याच शाळा सातवी-आठवीपर्यंतच असतात, आणि तू मुले घेणार ती याच वयाची. म्हणजे मूल नावेत स्थिरावते न स्थिरावते तोच त्याची शाळा बदलते, दाखल्यासाठी खेटे सुरू होतात, आणि मुलगी असेल तर घरी राहण्याची बोलणीही होतात. संस्थेशी नाते शाळेमार्फत जोडलेस तर ते इथेच तुटेल. ते घराशी जोड, आणि त्या वर्षी प्रवेशाच्या कामात एक माणूस त्यांच्याबरोबर राहील अशी सोय कर.

अपंग मुलांना पहिल्याच तुकडीत घे, नंतरसाठी ठेवू नकोस. सुरुंगाच्या स्फोटात पाय गमावलेले नारायण कोंगनापल्ले पुण्यातच सराव करून 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकपर्यंत पोचले. धडाला आधार देणारी पक्की बैठक आणि पट्टे बसवले की कमरेखाली बळ नसलेले मूलही वल्हवू शकते. अडचण येते ती काठावर, कारण आपले घाट पायऱ्यांचे आहेत. तराफ्यापर्यंत उतार बांधण्याचा खर्च पहिल्या अंदाजपत्रकातच धर.

पालक तुला विचारतील, याचा पुढे उपयोग काय. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे हे सांगायचा मोह होईल, पण ते पदके मिळवणाऱ्यांसाठी आहे आणि बहुतेकांना पदक मिळणार नाही, हेही त्याच वेळी सांग. वस्तीतल्या माणसांना आश्वासने पुष्कळ मिळालेली असतात. मूल पोहायला शिकेल, वेळेवर जेवेल, आणि दहावीपर्यंत त्याच्या पाठीशी माणसे असतील, एवढे तू नक्की देऊ शकतेस, आणि तेवढेच बोल. देणगीदारांसाठी एक दिवस मुलांना नावेत फिरवून फोटो काढण्याचे कार्यक्रम करू नकोस. मी शाळेत असे पुष्कळ पाहुणे पाहिले आहेत. ते गेल्यावर मुले आठवडाभर विचारत राहतात, की ते पुन्हा कधी येणार.

तू यायला अजून अवकाश आहे. तोवर वस्तीत आरोग्याचे काम करणाऱ्या ओळखीच्या आशा सेविका आणि अंगणवाडीच्या बाई यांना बरोबर घेऊन मी वस्त्यांमधील पाण्याच्या वेळा लिहून काढते आणि महापालिकेच्या तलावांवर बायकांसाठी कोणत्या वेळा राखीव आहेत ते पाहून येते. तू तिथल्या प्रशिक्षकांना विचार, की दुसऱ्या वर्षी किती मुली गळतात, कोणत्या कारणाने गळतात, आणि त्यांच्या घरी कोण जाऊन येते. जुन्या झालेल्या शेल आणि वल्ही त्यांच्याकडून मिळू शकतील का हेही विचार, पण ते सगळ्यात शेवटी.

बाबा आशीर्वाद सांगतात. थंडीत पाण्यावर जाताना कानटोपी घालत जा. पत्राचे उत्तर सवडीने लिही.

तुझी,
आई