टॅगचे शेल्फ करून माझ्या पुस्तकांची नोंद विस्कटल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: नव्या आवृत्तीत टॅग काढून टाकल्यामुळे झालेल्या नुकसानीबाबत, तसेच जुनी नोंद पूर्ववत करून मिळण्याबाबत.

महोदय,

मी तुमच्या ॲपची वार्षिक वर्गणी भरणारी ग्राहक आहे. ग्राहक क्रमांक सोबत जोडलेल्या पावतीवर आहे. घरातल्या सुमारे अडीच हजार पुस्तकांची नोंद मी तुमच्याकडे ठेवली होती. मध्यंतरी ॲप न विचारता अद्ययावत झाले आणि 'शेल्फ आणि टॅग आता एकाच ठिकाणी, वापर आणखी सोपा' अशी पाटी झळकली. त्या दिवसापासून पुस्तके घरातच आहेत, पण हवे ते पुस्तक ॲपमध्ये सापडत नाही.

नोकरीत मी कॉलेजची ग्रंथपाल होते, म्हणून जरा खोलात जाऊन लिहिते. तुमच्या मदत केंद्राला दोन ओळींत सांगून पाहिले, ते पोचले नाही.

शेल्फ म्हणजे जागा. माझ्या नोंदीत 'काचेचे कपाट', 'माळ्यावरची पेटी', 'देवघराशेजारची फळी' असे शेल्फ होते, कारण पुस्तके खरोखर तिथे आहेत. एक पुस्तक एका वेळी एकाच जागी असणार, हे उघड आहे. टॅग म्हणजे त्या पुस्तकाबद्दलची माहिती: विषय कोणता, गाव कोणते, कोणाकडून आले, कोणाला दिले. ती हवी तितकी असू शकते. एकच बाई कोणाची जाऊ, कोणाची मावशी, कोणाची सून असते. राहते मात्र एका घरात. तुम्ही नाती आणि घर एकाच रकान्यात कोंबलीत आणि वर नियम केलात की, एका पुस्तकाला एकच शेल्फ.

बरे, अनेक टॅगमधून एक निवडायचा, तर तो कसा निवडलात? तुमच्याकडून कोणी सांगितले नाही, पण यादी पाहून मला कळले. शेल्फ आणि टॅग एका रांगेत उभे केले आणि वर्णक्रमाने जे पहिले आले, ते पुस्तकाला चिकटवून बाकीचे पुसून टाकले. दासोपंतांच्या पासोडीविषयीचे माझे एक पुस्तक घ्या. संतकवी दासोपंत आमच्या गावचे, अंबाजोगाईचे. कापडाच्या पासोडीवर त्यांनी ग्रंथ लिहून काढला. या पुस्तकाला मी 'अंबाजोगाई', 'संतसाहित्य', 'हस्तलिखिते', 'मामंजींचे' असे टॅग दिले होते आणि शेल्फ होते 'काचेचे कपाट'. आता ते फक्त 'अंबाजोगाई' या शेल्फवर आहे. तिथेच आद्यकवी मुकुंदराज आहेत, तिथेच स्थानिक इतिहास आहे, आणि इथल्या बाजारात घेतल्याची खूण म्हणून तो टॅग लावलेले एक लोणच्यांचे पुस्तकही आहे. ज्या संचांतला एखादा खंड आमच्याकडे नाही, त्यांना मी 'अपूर्ण' असा टॅग देत असे. ते सगळे आता 'अपूर्ण' नावाच्या शेल्फवर गेले. त्यात कोश आहेत, कादंबऱ्यांचे भाग आहेत, गाथाही आहे. ही मांडणी एखाद्या शिकाऊ मुलाने आमच्या ग्रंथालयात केली असती, तर त्याला मी सगळे कपाट पुन्हा लावायला सांगितले असते.

सर्वांत मोठे नुकसान 'ह'चे झाले. माझा 'हैदराबाद मुक्तिसंग्राम' हा टॅग मी वर्षानुवर्षे जपून वाढवला होता. निजामी राजवटीतल्या शाळा, सीमेवरचे कॅम्प, रझाकार, सत्याग्रहींच्या आठवणी, पोलिस कारवाई, असे काय काय त्यात होते. हे साहित्य एका विषयाच्या फळीवर कधीच बसत नाही. काही चरित्रात जाते, काही इतिहासात, काही दिवाळी अंकाच्या पोटात एखादा लेख म्हणून असते. म्हणून तर टॅग लागतो. 17 सप्टेंबर जवळ आला की शाळा-कॉलेजची मुले भाषणासाठी, निबंधासाठी पुस्तके मागायला येतात. पूर्वी मी टॅगवर बोट ठेवले की सगळी यादी समोर यायची. पण 'ह' वर्णमालेत शेवटाकडे, त्यामुळे तुमच्या निवडीत तो प्रत्येक वेळी हरला. आज त्या नावाचे शेल्फ आहे आणि त्यात एकही पुस्तक नाही. सगळी पुस्तके 'आठवणी', 'चरित्र', 'दिवाळी अंक' अशा ठिकाणी विखुरली आहेत. कोणते कुठे गेले, हे फक्त माझ्या डोक्यात आहे, आणि डोक्यावर भिस्त ठेवायची नव्हती म्हणूनच तुमची वर्गणी भरली.

जाता जाता: तुमचा वर्णक्रमही मराठी नाही. 'ळ' तुम्ही 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये घातला आहे, 'क्ष' 'क'मध्ये आणि 'ज्ञ' 'ज'मध्ये. आमच्या शब्दकोशात ते 'ह'नंतर येतात. मराठी वाचकांसाठी म्हणून जाहिरात करता, तर एवढे तरी बघा.

आता 'ऱ'चे प्रकरण. माझा एक टॅग होता 'सोयऱ्यांकडे'. उसनी नेलेली पुस्तके त्यात असत, आणि हा टॅग मी मुद्दाम सौम्य ठेवला होता, कारण ॲप कधी कधी पाहुण्यांसमोर उघडावे लागते. जुन्या आवृत्तीत तो एक होता. नव्या आवृत्तीत 'सोयऱ्यांकडे' नावाचे दोन शेल्फ एकाखाली एक दिसतात, अक्षरन् अक्षर सारखे. एकात काही पुस्तके, दुसऱ्यात उरलेली. दोन्ही जोडायला तुमच्याकडे सोय नाही. एकाचे नाव फोनवरून पुन्हा लिहायला जावे, तर 'या नावाचे शेल्फ आधीच आहे' म्हणून ॲप अडवते. माझा भाचा संगणकाच्या कामात आहे. त्याने मूळ सांगितले. 'ऱ' हे अक्षर दोन रीतींनी साठवता येते: एक स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा 'र' आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब, अशी दोन चिन्हे मिळून. काही नोंदी मी फोनवरून केल्या, काही संगणकावरून. कळफलक वेगळे, साठवण वेगळी. युनिकोड, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याची प्रमाण पद्धत, तिच्या नियमाप्रमाणे ही दोन्ही रूपे समान मानायची असतात, आणि नोंद साठवतानाच त्यांना एका रूपात आणणे हे अगदी रुळलेले काम आहे, असेही तो म्हणाला. तुमच्या जुन्या आवृत्तीत ते होत होते. नव्या आवृत्तीत कोणी तरी ती पायरी गाळली आहे. तुमच्या तंत्रज्ञांना हा परिच्छेद जसाच्या तसा दाखवा.

लेखकांच्या यादीत आणखी गंमत आहे. 'आडनाव' हा रकाना तुम्ही सक्तीचा केलात आणि जुन्या नोंदींत शेवटचा शब्द हेच आडनाव धरलेत. परिणामी पैठणचे एकनाथ महाराज 'महाराज, एकनाथ' झाले. तुकाराम, ज्ञानेश्वर हेही त्याच महाराज घराण्यात गेले. नामदेवांचे तर दोन तुकडे झाले: जिथे मी 'नामदेव महाराज' लिहिले होते ते 'म'मध्ये, आणि जिथे 'संत नामदेव' लिहिले होते ते 'नामदेव, संत' म्हणून 'न'मध्ये. गंगाखेडच्या जनाबाईंचे पहिले नाव आता 'संत' आहे. मराठवाड्यात ज्याच्या घरी पुस्तकांचे एक कपाट आहे, त्याच्याकडे या लेखकांचे काही ना काही असतेच. त्यांना आडनाव नाही, एवढी शक्यता तुमच्या रकान्यात मावायला हवी.

शीर्षकपृष्ठाचा फोटो काढला की माहिती आपोआप भरणारी तुमची नवी सोय मी वापरून पाहिली. मामंजींच्या संग्रहातल्या एका पुस्तकावर प्रकाशनाचे वर्ष 'शके 1872' असे छापले आहे. ॲपने 'शके' सोडले आणि 1872 उचलले. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे ते पुस्तक 1950 च्या आसपासचे. आता तुमच्या नोंदीप्रमाणे 1948 च्या पोलिस कारवाईचे वर्णन करणारे पुस्तक 1872 मध्ये छापून तयार होते. दुरुस्त करायला गेले तर रकान्याला कुलूप, कारण माहिती 'पडताळलेली' आहे म्हणे.

तेच आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे. हा क्रमांक आंतरराष्ट्रीय मानक झाला 1970 मध्ये. त्याआधीच्या पुस्तकांवर तो असणार कुठून? 2007 पर्यंत तो 10 अंकी होता, नंतर 13 अंकी झाला. माझ्याकडची 81 पासून सुरू होणारी 10 अंकी क्रमांकांची पुस्तके नवी आवृत्ती 'चुकीचा क्रमांक' म्हणून लाल करते. खरे तर पुढे 978 लावून शेवटचा तपासणी अंक नव्याने काढला की काम होते. दिवाळी अंकांची तर सरसकट 'अपुष्ट' म्हणून बोळवण केली आहे. मामंजींनी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिक्षण घेतले. त्यांची उर्दू पुस्तके 'इतर' भाषेत टाकली आहेत.

गावांच्या नावांबद्दल एक मागणी आहे, कारण तिचा त्रास मराठवाड्यातल्या प्रत्येक वाचकाला होणार. जुन्या पुस्तकावर प्रकाशनस्थळ 'औरंगाबाद' छापले आहे, ते नोंदीत तसेच राहिले पाहिजे. नव्या पुस्तकावर 'छत्रपती संभाजीनगर' आहे, तेही तसेच. उस्मानाबाद आणि धाराशिवचे तेच. पण शोधताना एका नावाने दोन्ही सापडायला हवीत. आमच्या कार्डांच्या काळात 'पाहा', म्हणजे 'त्या दुसऱ्या नावाखाली पाहा', असे एक कार्ड लावले की हा प्रश्न सुटत असे. तुमच्याकडे दोन टॅग एकमेकांशी जोडायची सोय द्या. पुस्तकावरची मूळ माहिती बदलू नका.

तुमच्या मदत केंद्राने मला 'आवडीप्रमाणे शेल्फ नव्याने तयार करा' असा सल्ला दिला आणि तक्रार 'निकाली' म्हणून बंद केली. पुन्हा उघडली तर तेच उत्तर, तेच वाक्य, खाली फक्त नाव वेगळे. अडीच हजार पुस्तकांना पुन्हा टॅग लावायचे तर माझा किती वेळ जाईल, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. 'वाचकाचा वेळ वाचवा' हे एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्येच ग्रंथालयशास्त्राचे सूत्र म्हणून मांडले होते. तुमच्या कार्यालयात कोणी तरी वाचले असेल.

नोंदी उतरवून घेऊन दुसरीकडे जावे, तर तीही वाट नीट नाही. तुमची फाइल एक्सेलमध्ये उघडली की मराठीच्या जागी अगम्य चिन्हे येतात. भाच्याने ती वाचण्याजोगी करून दिली, तेव्हा दिसले की टॅगचा रकानाच त्यात नाही.

तेव्हा माझे म्हणणे असे. अद्ययावत होण्यापूर्वीची माझी नोंद तुमच्या साठ्यात असणारच. ती पूर्ववत करून द्या, शेल्फ वेगळे आणि टॅग वेगळे. ते जमणार नसेल, तर जुन्या नोंदीची पूर्ण फाइल, सर्व टॅगसकट, मराठी अक्षरे शाबूत ठेवून पाठवा आणि उरलेल्या मुदतीची वर्गणी परत करा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवीन. त्यानंतरही अडले, तर 2019 च्या कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. मला त्यासाठी मुंबईला यावे लागणार नाही, बीड पुरेसे आहे.

पडद्याची चित्रे आणि आधीच्या उत्तरांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. पैसे परत करायचे झाल्यास ज्या खात्यातून वर्गणी आली त्याच खात्यात जमा करावेत. पुढच्या वर्षीच्या सवलतीचे कूपन पाठवू नये. आणि फोन करणार असाल तर मराठी बोलणाऱ्याला, दुपारी चारनंतर करायला सांगा. त्याआधी आमच्याकडे वीज आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नसतो.

आपली,
एक वर्गणीदार ग्राहक
अंबाजोगाई, जि. बीड

सोबत: वर्गणीची पावती, पडद्याची चित्रे, आधीच्या पत्रव्यवहाराच्या प्रती