चिमे, उलट्या थांबल्या

फोंडा,
१८ ऑगस्ट

प्रिय चिमे,

आधी मनातल्या मनात शिव्या देऊन घे, मग पुढे वाच. तीन महिने तुझे फोन टाळले. उचलला तेव्हाही ‘तपासणी आहे गो’ म्हणून ठेवला. तुला वाटलं शाळेची. तपासणी माझी होती. पंधरावा आठवडा चालू आहे.

का सांगितलं नाही, ते तुझ्याशिवाय कोणाला कळणार? मागच्या वेळी सगळ्यांत आधी तुला सांगितलं होतं, ह्यांच्याही आधी. आणि शेवटी दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर माझी पर्स मांडीवर धरून तूच बसली होतीस. यंदा तुला सांगितलं नाही तर टिकेल, असा खुळा हिशेब डोक्यात बसला. चौथीच्या पोरांना परिसर अभ्यास शिकवते मी. हस.

तब्येत बरी. बीपी बरोबर, उतरलेलं वजन चढतंय. झालं.

आता खरं. तीन महिने मी माणसांत नव्हते. पाववाल्या पोदेराचा भोंगा ऐकला की पोट ढवळायचं, पोईचा वास यायच्या आधीच. शेजारी बांगडा तव्यावर पडला की मी मोरीत. सासूबाईंनी हौसेने जायांच्या फुलांची फांती आणली, ती मी रात्री गुपचूप तुळशीवर ठेवून आले. देवाला रोज एकच मागणं, ही उलटी थांबव.

थांबली. चौदावा लागला त्या मंगळवारी. सकाळी पातळ भाजी होती. एक पोई खाल्ली, दुसरी मोडली, तुकडा भाजीत बुडवला आणि हात तिथेच राहिला. आज काहीच कसं होत नाही? उठले, खाऱ्या बांगड्यांचा डबा उघडला आणि नाक आत घातलं. काही नाही. तुझ्या भावाचे फुटबॉलचे मोजे असते तर तेही हुंगले असते. मागून सासूबाई आल्या. त्यांना वाटलं डोहाळे! लगेच दोन भाजून दिले. मी रडत रडत खाल्ले, आणि त्या म्हणाल्या, तिखट लागलं वाटतं.

तुला आठवतंय ना? मागे नवव्या आठवड्यात असंच एका सकाळी सगळं शांत झालं. आपण दोघी खुशीत स्कूटरवरून मडगावला आइस्क्रीम खायला गेलो. तू पिस्ता घेतलास.

दोन दिवस कोणाला बोलले नाही. तिसऱ्या दिवशी शाळेत दातदुखी सांगून एकटीच कदंब बसमध्ये चढले. (अगदीच थाप नव्हे, ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येतंच. तेही यातलंच म्हणे.) डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मधे तोडलं नाही. मग सांगितलं ते असं, की उलट्यांशी ज्याचा संबंध लावतात ते संप्रेरक नवव्या-दहाव्या आठवड्याच्या आसपास शिखराला जातं आणि मग उतरतं. तोवर वार, म्हणजे प्लॅसेंटा, आपलं काम हाती घेते. बहुतेकींची मळमळ बारा ते सोळाच्या दरम्यान अशीच सुटते, कोणाची एका दिवसात. ‘तेव्हा नववा होता, आता चौदावा आहे,’ म्हणाल्या. शिवाय गर्भ पडतात त्यांतले बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच, आणि पुष्कळदा गुणसूत्रांतच चूक असते. आइस्क्रीमचा आणि स्कूटरचा काही संबंध नसतो. तू त्या रात्री हेच म्हणालीस आणि मी तुझ्याशी महिनाभर अबोला धरला. बरोबर होतीस. हे एकदाच लिहिते, परत मागू नकोस.

मग पोटावर गार जेली लावून ते छोटं यंत्र फिरवलं. आधी नुसती खरखर. मग सावकाश धप्, धप्. माझा चेहरा बघून म्हणाल्या, ‘तो तुमचाच.’ यंत्र जरा खाली, जरा डावीकडे. आणि चिमे, तुझ्या आईचं मशीन! जूनमध्ये गणवेशांच्या घाईत ती पायाने मारायची ना, तसं. १५२. मी म्हटलं, अजून थोडं ऐकू? बाहेर बायकांची रांग होती, तरी त्यांनी ऐकू दिलं.

आता पुढचं. लोहाच्या लाल गोळ्या सुरू झाल्या. लिंबूपाण्यासोबत घ्यायच्या, कॅल्शियम वेगळ्या वेळी, आणि गोळीच्या आगेमागे तासभर चहा बंद. माझा चहा! परसाकडची गोष्ट लिहीत नाही, डांबर समज. झटकन उठले की जांघेत असा ताण बसतो की जीव जातो. पोट वाढतं तसे गर्भाशयाचे बंध ओढले जातात म्हणे. पण रक्त दिसलं, पाणी गेल्यासारखं वाटलं, ताप आला किंवा कळा थांबेनात, तर वाट न बघता यायचं. मोठी सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत, साखरेचं पाणी पिऊन तपासणी २४ नंतर. पोट बघून ‘मुलगाच’ सांगणारी ह्यांची आत्या आहेच. तिला म्हटलं, आते, सांगणं गुन्हा आहे, १९९४ चा कायदा आहे. गप्प बसली, पण नेवऱ्यांच्या सारणात माझा हात लागू देत नाही.

हालचाल मात्र अजून नाही. पहिलटकरणीला अठरा-वीस लागतात. म्हणजे मळमळ गेली, हालचाल आली नाही, आणि मधल्या या आठवड्यांत आत कोणी आहे याला पुरावा काय? मन १५२ वर किती दिवस चालणार? रात्री ह्यांना उठवून विचारते, ते म्हणतात झोप. तू असतीस तर नुसतं ‘हूं’ म्हणाली असतीस. शिमग्याच्या नाटकात प्रॉम्प्टिंग करताना झोपलीस तेव्हाही ‘हूं’च म्हणालीस आणि मी अख्ख्या गावासमोर महाराजांना ‘हूं’ म्हणाले.

तुझ्या घराच्या कर्जाचं झालं का? बाबांचा गुडघा? शेळीने खरंच नोकरी सोडली? कोकमं पाठवते. पाचव्यात फुलं माळायची आहेत, तुला बोलावलं नाही तर सासूबाई माझ्याशी बोलणार नाहीत. रजा आत्ताच टाक.

रात्री साडेदहानंतर फोन कर. मी जागीच असते.

पोदेर आला. दोन पोया घेते.

तुझी,
महाराज