आईचा व्हिसा आणि २३ जूनचं मत : प्रीती पटेल यांना खुले पत्र

लेस्टर, १४ जून २०१६

माननीय प्रीती पटेल,
रोजगार मंत्री, ब्रिटन सरकार
यांस सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहिते आहे. तुम्हाला ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल, त्याबद्दल क्षमा असावी. पण ज्या मतांसाठी तुम्ही गावोगाव फिरता आहात, त्यांत आम्हा मराठी माणसांचीही मतं आहेत, आणि आमच्या घरांतला वाद सध्या मराठीतच चालला आहे.

मी नर्स आहे. २०१० साली नाशिकहून इथे आले. पासपोर्ट अजून भारताचाच आहे. तरीही राष्ट्रकुलातल्या देशाची नागरिक आणि इथली रहिवासी म्हणून पुढच्या गुरुवारच्या सार्वमतात मला मत आहे. ब्रिटनने युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं, हे ठरवण्यात माझाही वाटा आहे. मतदानाचं कार्ड फ्रिजवर लावलंय. दूध काढताना रोज दिसतं.

मागचे तीनेक आठवडे माझा कल बाहेर पडण्याकडे होता, आणि तो तुमच्यामुळे होता. तुम्ही म्हणालात की युरोपातून येणाऱ्यांना अडवता येत नाही, म्हणून बाकीच्या जगातून येणाऱ्यांवर नियम कडक होतात. बाहेर पडलो तर सगळ्यांना एकच न्याय लावता येईल, करी रेस्टॉरंटांना आपल्याकडचे आचारी आणता येतील. हे ऐकलं आणि मला थेट आई आठवली.

वडील गेल्यापासून आई नाशिकला एकटी असते. तिला इथे कायमचं आणायचं तर २०१२च्या नियमाप्रमाणे मला दाखवून द्यावं लागेल की रोजचं आंघोळ-जेवणही तिला कुणाच्या मदतीशिवाय जमत नाही, आणि तशी मदत भारतात मिळणं शक्य नाही किंवा परवडणारं नाही. म्हणजे ती अंथरुणाला खिळेपर्यंत मी वाट बघायची. माझ्या वॉर्डातल्या पोलिश मैत्रिणीची आई मात्र मागच्या वर्षी दोन बॅगा घेऊन आली आणि राहिली. ती बटाटा आणि चीज भरून उकडलेल्या करंज्यांसारखा एक पदार्थ करते आणि नाइट ड्यूटीला डब्यातून माझ्यासाठीही पाठवते. तो डबा उघडताना माझ्या पोटात कितीदा तरी कालवलंय. हेवा वाटला, हे लपवत नाही. तुमचं बोलणं नेमकं तिथे लागलं.

मग एका सुट्टीच्या दिवशी मी नियम वाचायला बसले. आईवडिलांचा हा नियम लंडनमध्ये झाला. जोडीदाराला आणायचं तर वर्षाला १८,६०० पौंड कमाई हवी, हाही लंडनचाच. कामाच्या व्हिसावर आलेल्या बहुतेकांना कायम राहायचं असेल तर ३५,००० पौंड पगार हवा, ही अट याच एप्रिलपासून लागू झाली, तुम्ही सरकारात असताना. ज्या आचाऱ्यांसाठी तुम्ही बोलता आहात, त्यांच्या पगाराची अटही इथलीच. यातलं एक अक्षरही ब्रसेल्सने, म्हणजे युरोपियन युनियनच्या मुख्यालयाने, लिहिलेलं नाही. हे नियम सैल करायला सार्वमत कशाला लागतं? मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत होण्यासारखं काम आहे.

आणि आकडे बघा. गेल्या महिन्यात आलेल्या हिशेबाप्रमाणे २०१५ मध्ये आलेले वजा गेलेले धरून या देशात ३ लाख ३३ हजार माणसं वाढली. युरोपियन युनियनमधली १ लाख ८४ हजार आणि बाहेरची १ लाख ८८ हजार, त्यातून परदेशी गेलेले ब्रिटिश वजा. तुमच्या पक्षाला हा आकडा एक लाखाच्या आत आणायचा आहे. उद्या युरोपातून एकही माणूस आला नाही असं धरलं, तरी लाखाच्या आत यायला कात्री आम्हालाच लागणार. मग माझ्या आईसाठी दार उघडेल ते कुठून?

आमच्या मंडळींत दुसरा मुद्दा निघतो तो हापूसचा. १ मे २०१४ पासून युरोपियन युनियनने भारताचे आंबे बंद केले, तेव्हा इथल्या बेलग्रेव्ह रोडवरच्या भारतीय दुकानांत पेट्यांच्या जागी मोकळी फळी होती. त्या अक्षय्यतृतीयेला मीही चिडले होते. ब्रसेल्समधल्या लोकांना आंब्यातलं काय कळतं, असं सगळेच म्हणत होते. पण आदल्या वर्षी आलेल्या मालात फळमाशी सापडली होती, हे खरं होतं, आणि इथल्या टोमॅटो-काकडीला धोका नको म्हणून ब्रिटनच्या शेती खात्याचाही त्या बंदीला पाठिंबाच होता. भारतात तपासणी आणि पॅकिंग सुधारलं तशी जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठली. मी नाशिकची आहे, आमच्याकडे २०१० मध्ये औषधाच्या अंशावरून द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते. बागाईतदारांचं कंबरडं मोडलं, पण नंतर तपासणीची शिस्त लागली ती लागलीच. ब्रिटन एकटा असता तर फळमाशी डोळ्याआड केली असती, असं मला वाटत नाही.

तुमच्या बाजूचं एक म्हणणं मात्र मला अजून खोडता आलेलं नाही. जे कायदे करतात त्यांना घरी बसवणं मतदाराच्या हातात असलं पाहिजे, हे ते म्हणणं. मागच्या ५ जुलैला ग्रीसच्या लोकांनी युरोपच्या कर्जाच्या अटींना ६१ टक्क्यांनी ‘नाही’ म्हटलं आणि आठवड्याभरात त्यांच्या सरकारला कर्जाच्या कडक अटी मान्य कराव्या लागल्या. ते बघून मला वाईट वाटलं होतं, आजही वाटतं. ब्रिटन युरोच्या चलनात नाही, म्हणून तो गळफास इथे नाही, एवढंच मी स्वतःला सांगते. हा मुद्दा घेऊन तुम्ही आमच्याकडे आला असतात तर मी कदाचित अजूनही विचारात असते. पण आमच्याकडे तुम्ही आलात आचाऱ्यांचा व्हिसा घेऊन. आणि ‘युनियनला आठवड्याला ३५ कोटी पौंड जातात, ते सरकारी आरोग्यसेवेला देऊ’ हे तुमच्या प्रचाराच्या बसवरचं वाक्य घेऊन. त्यातली ब्रिटनला मिळणारी, १९८४ मध्ये ठरलेली सूट इथेच राहते, तो पैसा जातच नाही. आकडेवारीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनेच तो आकडा दिशाभूल करणारा ठरवलाय. माझ्या वॉर्डाला पैसा हवाच आहे, म्हणून तर त्या बसचा मला जास्त राग येतो.

आयर्लंड आणि ब्रिटनमधलं उत्तर आयर्लंड यांच्यातल्या सीमेबद्दल फार थोडे लोक बोलतात. बाहेर पडलो तर तीच युनियनची हद्द होईल. सुमारे ५०० किलोमीटरची सीमा, आणि आज तिच्यावर कुणी गाडी अडवत नाही. उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८च्या करारानंतर हे दिवस आलेत. बेळगावचा प्रश्न ऐकत लहानाचे मोठे झालो आम्ही. नकाशावरची रेघ लोकांच्या दारातून गेली की काय होतं, ते आम्हाला समजावून सांगायला नको.

आता ७ जूनच्या रात्रीचं सांगते. मतदार नोंदणीचा शेवटचा दिवस होता. वॉर्डात केरळहून नुकतीच आलेली एक मुलगी आहे, तिची नोंदणी राहिली होती. मधल्या सुट्टीत फॉर्म भरायला बसलो तर संकेतस्थळ बंद पडलं. मला औषधांच्या फेरीला जायचं होतं. परत आले तेव्हा माझी पोलिश मैत्रीण त्या मुलीच्या फोनवर पान पुन्हा पुन्हा उघडून बघत होती. चहा तसाच गार झालेला. मुदत पुढे ९ तारखेपर्यंत वाढली आणि नोंदणी झाली. माझी ही मैत्रीण २००५ पासून इथे आहे. तिची मुलगी इथे जन्मली, इथल्या शाळेत जाते. नगरपालिकेला ती मत देते, या सार्वमतात तिला मत नाही. मला आहे, आणि त्या चार महिन्यांपूर्वी आलेल्या मुलीला आहे. मैत्रीण मला एकदाच म्हणाली, “तू आमचा विचार करशील ना?” मी मान हलवली, पण तेव्हा माझं ठरलेलं नव्हतं.

मंत्रीमहोदया, माझ्या दोनच मागण्या आहेत. इथे आधीपासून राहणाऱ्या युरोपियन माणसांना काहीही झालं तरी हलवणार नाही, हे २३ तारखेच्या आत सरकारकडून जाहीर करून घ्या. आणि १८,६०० आणि ३५,००० या अटींचं, आईवडिलांच्या नियमाचं काय करणार, ते आजच्या आज लेखी सांगा. निकाल काहीही लागला तरी ते तुमच्या हातात आहे.

माझं मत आता ठरलंय, युनियनमध्ये राहण्याचं. आईला परवा फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “माझ्यासाठी दुसऱ्याच्या आईला घराबाहेर नको काढूस गं.” गुरुवारी सकाळी सात वाजता केंद्र उघडतं. माझी नाइट साडेसातला संपते. तशीच युनिफॉर्मवर जाईन, आणि मैत्रीण बरोबर येणार आहे, बाहेर थांबायला.

आपली,
लेस्टरमधली एक मराठी परिचारिका