मदत हवी, पण अख्खा फोन उघडून नको

आईचा विम्याचा ऑनलाइन फॉर्म अडला होता. मदत केंद्रातल्या मुलीने कुठलेही ॲप टाकायला न सांगता तेवढे एकच पान स्वतःच्या पडद्यावर पाहिले आणि चुकलेली चौकट दाखवली. खाते क्रमांकाच्या जागी तिला नुसते ठिपके दिसत होते! याला को-ब्राउझिंग म्हणतात. पूर्ण फोन दुसऱ्याच्या हाती देणारी ॲप निराळी. एनीडेस्क या अशाच एका ॲपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सावध केले होते. सहकारी बँकांनीही ही सोय द्यावी, आणि मराठीतून द्यावी. मात्र ग्राहकाने बँकेच्या संकेतस्थळावरून स्वतः मदत मागितली, तरच ती सुरू व्हावी. समोरून आलेल्या फोनवर कधीच नाही.

– एक वाचक, सातारा