चि. मुग्धास

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही पाहिली. ‘एरिथ्रोपोएटिन मज्जेला तांबड्या पेशी बनवायचा हुकूम देतं’ हे वाक्य आधी खोड. एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ, हे किडनीतून येणारं संप्रेरक. होतकरू पेशी हाडांच्या मज्जेत असतातच. त्यातल्या तगणार किती, हे ईपीओ ठरवतं. १९९५ साली ईपीओ पेशीवर जिथे बसतं त्या रिसेप्टरचं जनुकच काढलेल्या उंदरांचे गर्भ तेराव्या दिवसाच्या सुमारास दगावले, पण बीएफयू-ई आणि सीएफयू-ई या पूर्वज पेशी त्यांच्यात सापडल्या. परळला तोंडी परीक्षेत विचारलंच, तर हा पुरावा दे.

आता क्रम. ऑक्सिजन कमी पडला की किडनीत हिफ-२ (ईपीओचं जनुक चालू करणारं प्रथिन) मोडायचं थांबतं आणि ईपीओ रक्तात उतरतं. सीएफयू-ई पेशीवर रिसेप्टर जोडीने असतात. ईपीओ बसलं की जोडीची ठेवण बदलते. रिसेप्टरला स्वतःचं एन्झाइम नाही, सगळा कारभार त्याला चिकटलेल्या उसन्या जॅक-२ या एन्झाइमवर! दोन्हीकडचे जॅक-२ एकमेकांवर आणि मग रिसेप्टरच्या शेपटीतल्या टायरोसिनवर फॉस्फेट चढवतात. तिथे स्टॅट-५ हे निरोप्या प्रथिन येतं, त्यावरही फॉस्फेट चढतं, ते केंद्रकात जाऊन बीसीएल-एक्सएल हे पेशीला वाचवणारं प्रथिन वाढवतं. पेशीचं मरण टळतं ते त्याने.

त्याच शेपटीच्या टोकाला ब्रेकही आहे: एसएचपी-१ हे एन्झाइम तिथे बसून फॉस्फेट उतरवतं. फिनलंडचा स्कीपटू ईरो मँतीरांता, १९६४ च्या ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता. त्याच्या रिसेप्टरची शेपटी जन्मतः ७० अमिनो आम्लांनी आखूड होती, म्हणजे ब्रेकच गेला. हिमोग्लोबिन २० च्या वर! पॉलिसायथेमिया व्हेरात (तांबड्या पेशी बेसुमार वाढण्याचा मज्जेचा आजार) मात्र रिसेप्टर धड असतो, बिघाड जॅक-२ मध्ये (व्ही६१७एफ हा जनुकबदल, २००५ मध्ये सापडला); तो ईपीओची वाट न पाहता चालू राहतो. म्हणून तिथे ईपीओची पातळी सहसा खाली येते. ईपीओची पातळी आणि जॅक-२ ची तपासणी शेजारी ठेवून वाच.

ईपीओची गरज बेसोफिलिक टप्प्यापर्यंत (वाढत्या पेशीचा रंग सूक्ष्मदर्शकाखाली निळा दिसतो तोवर). पुढे रिसेप्टर ओसरतात आणि पेशीला हवं असतं लोह. डायलिसिसच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन ईपीओचं इंजेक्शन चालू असूनही हलत नाही, तेव्हा डोस वाढवायची घाई होते. मला ती चूकच वाटते. आधी फेरिटिन (लोहाचा साठा) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातल्या लोहवाहक प्रथिनावर किती लोह आहे ते) बघ. सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली असेल तर तगलेल्या पेशी भरायला लोहच नाही. फेरिटिन चढलेलं आणि सॅच्युरेशन पडलेलं असेल तर सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) कर, कुठेतरी जंतुसंसर्ग दडलेला असू शकतो. आणि हिमोग्लोबिन १३ च्या पुढे रेटू नये, पक्षाघाताचा धोका वाढतो.

इंजेक्शन लागू पडतंय का, हे हिमोग्लोबिनच्या आधी रेटिक्युलोसाइट, म्हणजे मज्जेतून नुकत्याच आलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी, सांगतात. रक्त आणि न्यू मेथिलीन ब्लू हा डाय समसमान, ३७ अंशांवर १५ मिनिटं, मग काचपट्टीवर पसरून स्मिअर. तेलाच्या लेन्सखाली १००० तांबड्या पेशी मोज. निळी जाळी किंवा निदान दोन कण दिसले तर रेटिक. डाय आधी गाळून घे. गाळ राहिला तर त्याचे ठिपके पेशींवर बसतात आणि आकडा उगाच फुगतो.

तुझी,
आई