तिवरांवर केमिकल नाही, अळी पडलीय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्या खाडीतली खारफुटी केमिकल टाकून मारल्याची बातमी आली आणि शेजारच्या कोळंबी तलाववाल्याला सगळं गाव शिव्या घालायला लागलं, माझंही त्याचं काही फार जमतं असं नाही पण या बाबतीत तो निर्दोष आहे. मी राजापूर तालुक्यातला, गणपतीनंतर रोज पहाटे होडी घेऊन त्याच खाडीत असतो.

जरा बघा तरी काय वाळलंय. फक्त तिवर, खारफुटीतलं एकच जातीचं झाड. त्याला खेटून उभा असलेला कांदळ हिरवागार, चिपी हिरवीगार, खाली मारांडीपण जशीच्या तशी. केमिकल काय झाड विचारून मारतं का? होडी फांद्यांखाली घातली तर टोपीवर बारीक पावसासारखं टपटप पडतं, ती अळीची विष्ठा. पान हातात घेतलं तर कडेला कापून दुमडलेलं, धाग्याने शिवलेलं, आत काळपट अळी, बाजूने पांढऱ्या रेघा, आणि काही वळकट्यांत तर कोषच झालेले होते.

ही अळी आम्हाला नवीन नाही हो, सागावर पडते तीच. हायब्लिया प्युएरा म्हणतात तिला, पतंग तपकिरी, मागचे पंख उघडले की काळ्यावर नारिंगी ठिपके. पहिल्या पावसात साग कोवळा फुटला की दोन आठवड्यांत नुसत्या शिरा शिल्लक ठेवते (पानाची जाळी करणारी ती वेगळी, ती नंतर येते). केरळात सागाच्या तरुण लागवडीत या अळीमुळे लाकडाची वाढ सुमारे ४४ टक्के कमी होते असं तिकडच्या वनसंशोधन संस्थेने मोजलंय. सागाशिवाय ती निगडीच्या झुडपावर जगते, टेटूच्या झाडावर जगते आणि खाडीत तिवरावर. आता सागवान कुठे न चिखलातलं तिवर कुठे, असं मलाही वाटायचं, पण जुन्या वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकांत साग, निगडी, तिवर तिन्ही एकाच कुळात टाकलेले होते, आता तिवर वेगळं केलंय. अळीला बहुतेक जुनंच पुस्तक पाठ आहे!

आता मुद्दा असा की बातमी वाचून पंचायतीत फवारणीचा विषय निघालाय. कोणी म्हणतो पंप आणा, कोणी म्हणतो ड्रोन. अहो दिवसातून दोनदा भरती येते, पानावर मारलेलं औषध त्याच पाण्यात उतरणार, आणि त्याच चिखलात आमच्या बायका मुळे (शिंपले) काढतात, पोरं कुर्ल्या धरतात. शिवाय साळुंक्या आणि कोतवाल सध्या त्या अळ्यांवर तुटून पडलेत, फवारलं तर विष खाऊन तेच मरायचे.

कालच मी चार फांद्या नखाने खरवडून बघितल्या, साल आतून हिरवी आहे, टोकाला बोटाच्या पेराएवढी फूटही आलीय. तिवर मेलेलं नाही. तर तुमच्या बातमीदाराला अजून तीनेक आठवड्यांनी परत पाठवा, होडी माझी, पैसे नकोत, आणि तो फोटोपण आधीच्या फोटोएवढाच मोठा छापा.

आपला,
एक वाचक, ता. राजापूर