गॅरेजमधल्या हीटरबद्दल, फिटर येण्याआधी

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

बाबा, हीटरची मापं फोनवर सांगण्यात अर्थ नाही, म्हणून लिहून पाठवते. आई, हा कागद तुझ्याकडेच ठेव. फिटरने "चालतंय की" म्हटलं की बाबा लगेच मान डोलावतात.

गॅरेज 20 बाय 20 फूट, उंची 9, म्हणजे 3,600 घनफूट. भिंतींत आणि छतात इन्सुलेशन आहे, त्यामुळे तासाला 45,000 बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप) गॅसचा हीटर पुरेल. "थोडा मोठाच घेऊ" हा मोह नको. मोठा हीटर भराभर तापवून बंद होतो, पुन्हा पेटतो, आणि त्यात धुराचा पाइप नीट गरमच होत नाही. मग आत पाणी सुटतं आणि पाइप गंजतो.

बिनधुराड्याचा स्वस्त हीटर कोणी दाखवला तर तिथेच नाही म्हणा. 45,000 बीटीयूचा गॅस तासभर जळला की जवळजवळ 2 लिटर पाण्याची वाफ तयार होते. ती खोलीतच राहिली की तुमच्या पटाशा आणि रंधे गंजलेच म्हणून समजा. कार्बन मोनॉक्साइडची भीती वेगळीच. तुमच्याकडे भुसा उडतो, म्हणून जळणासाठीची हवा बाहेरून पाइपाने ओढणारा, बंद ज्वलनकक्षाचा हीटर घ्या. साध्या हीटरमध्ये भुसा बर्नरवर बसतो. शिवाय रंग काढायच्या काही द्रावणांत क्लोरीन असतं. त्याची वाफ ज्वाळेतून गेली की आम्ल होतं आणि आतला पत्रा खातं. एक मात्र लक्षात ठेवा : बंद कक्षाचा असला तरी स्प्रेने वार्निश मारताना हीटर बंदच हवा.

हीटर छताला टांगायचा आहे, म्हणून जागा ठरवताना आधी गॅरेजचं दार पूर्ण उघडून वर बघा. दाराच्या फळ्या छताखाली जिथवर सरकतात, तिथे हीटर नको. गाडीची डिकी उघडल्यावर कुठवर येते तेही बघून घ्या. हीटरचा तळ जमिनीपासून साधारण 7 फुटांवर ठेवा. वर, मागे आणि बाजूंना किती अंतर सोडायचं ते हीटरच्या पाटीवर छापलेलं असतं. तेच पाळायचं, अंदाज नको.

वजन 25 ते 30 किलो. नुसत्या जिप्सम बोर्डात स्क्रू मारून ते पेलणार नाही. छताच्या तुळयांना आडव्या दोन जाड पट्ट्या लॅग स्क्रूने (लाकडात जाणारे जाड, लांब स्क्रू) आवळायच्या आणि हीटर त्यांना टांगायचा. भोक आधी बारीक ड्रिलने पाडून घ्या, नाहीतर तुळई चिरते. बाबा, पट्ट्या कापा, भोकं आखा, पण शिडीवर चढून हीटर उचलायचं काम दोन तरुण माणसांचं.

गॅसचं काम परवानाधारक फिटरचंच, पण बघत उभं राहायला हरकत नाही. नैसर्गिक वायूच्या या हीटरला तासाला सुमारे 45 घनफूट गॅस लागतो. अर्धा इंची लोखंडी पाइप 40 फुटांवर तासाला 80 घनफुटांच्या आसपास देतो. त्याच लाइनवर गीझर असेल तर मात्र हिशेब नव्याने करायला सांगा. हीटरजवळ क्रम असा हवा : बंद करायचा कॉक, मग युनियन (पाइप सोडवता येईल असा जोड), आणि हीटरच्या तोंडाशी खाली लोंबणारा किमान 3 इंची बंद तुकडा. पाइपातला कचरा आणि गंजाचा चुरा त्यात पडतो, व्हॉल्व्हमध्ये जात नाही. घाईत हाच तुकडा गाळला जातो. लाइन हवेच्या दाबाने तपासताना हीटर सोडवून ठेवायला लावा. अर्ध्या पीएसआयच्या (हे दाबाचं माप) वरचा दाब गॅस व्हॉल्व्हची वाट लावतो. नंतर प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी. बुडबुडा आला तर सांधा उघडून पुन्हा. नुसता पाना आवळून भागवायचं नाही.

सिलिंडरचा गॅस (प्रोपेन) वापरणार असाल तर आतले जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक तोंडं, बदलावीच लागतात. नैसर्गिक वायूला बर्नरपाशी पाण्याच्या 3.5 इंचांचा दाब लागतो, प्रोपेनला 10.

धुराचा पाइप हीटरच्या पुस्तिकेत दिलाय त्याच जातीचा. आडवा नेताना फुटामागे पाव इंच उतार. पाणी कुठल्या बाजूला वाहू द्यायचं तेही पुस्तिकेत असतं. आडव्या पाइपात पंख्याचा दाब असतो, म्हणून सांधे नीट सील हवेत. बाहेरच्या तोंडात पक्ष्याने घरटं केलं तर प्रेशर स्विच (धुराची वाट मोकळी आहे का ते दाबावरून ओळखणारा) हीटर पेटूच देत नाही. बिघाड शोधायला आधी तिथेच बघा.

हीटर पेटला आणि तीन-चार सेकंदांत विझला, असं सारखं होत असेल तर बहुधा ज्वाळा ओळखणारी सळई काजळलेली असते, नाहीतर फेज-न्यूट्रल उलटे किंवा अर्थिंग ढिलं असतं. वीज आणि गॅस बंद करून सळई बारीक स्टील वूलने पुसा. पहिल्यांदा पेटवाल तेव्हा तेलाचा वास येईल; दार उघडं ठेवा, काही वेळाने जाईल.

थर्मोस्टॅट 5 फुटांवर, आतल्या भिंतीला, हीटरच्या झोतापासून दूर. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरात, झोपायच्या खोलीजवळ हवाच. आई, तो वाजला तर हीटरचं बटण शोधत बसू नका. आधी दोघं बाहेर या आणि मदत बाहेरूनच बोलवा. बाबा "एवढं घासून होऊ दे" म्हणतील, ऐकू नकोस.

तुमची लेक